थराची खालची कड आधी बघा

वाळूखडक, शेल, वाळूखडक, शेल. खोल समुद्रात साचून पुढे वर उचलल्या गेलेल्या खडकांच्या कड्यासमोर उभं राहिलं की ही आवर्तनं शेकड्यांनी मोजता येतात, आणि नवख्याचा हात वहीत लगेच ‘टर्बिडाइट’ लिहून मोकळा होतो. बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. पण ते नाव जाडी आणि रंग बघून दिलेलं असतं. खरा पुरावा थराच्या दोन कडांवर असतो: खाली तो सुरू कसा झाला आणि वर संपला कसा. मधला भाग त्यानंतर बघायचा.

याचं कारण प्रवाहात आहे. समुद्रतळावर गाळ वाहून नेणारे प्रवाह ढोबळमानाने दोन जातींचे. पहिल्या जातीत गाळ मिसळल्यामुळे पाणी जड होतं आणि तो जडपणाच त्याला उतारावरून खाली खेचतो. गाळ बसला की प्रवाहही संपला. हा टर्बिडिटी प्रवाह, साध्या शब्दांत गढूळ लोंढा, आणि त्याने टाकलेला थर म्हणजे टर्बिडाइट. दुसऱ्या जातीत पाणी तापमान आणि क्षारतेतल्या फरकामुळे आधीच वाहत असतं. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते वळतं आणि उतारावरून खाली न जाता समोच्च रेषांना धरून आडवं जात राहतं. गाळ त्यात निव्वळ प्रवासी. त्याने टाकलेला गाळ तो कॉन्टूराइट. लोंढा काही तासांत, फार तर काही दिवसांत उरकतो. तळप्रवाह लाखो वर्षं चालू राहू शकतो. कडांमधला सगळा फरक इथून येतो.

नदी पुरात गढूळ झाली की ती थेट समुद्रतळावरून वाहायला लागते, अशी एक समजूत आहे. हिशेब केला तर ते इतकं सोपं नाही. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १०२५ किलो, गोड्या पाण्याची १०००. ही २५ किलोंची तूट भरायला घनमीटरला साधारण ४० किलो गाळ लागतो, कारण प्रत्येक किलो गाळ स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारतो आणि निव्वळ भर पडते ती ०.६२ किलोची. इतका गाळ फार थोड्या नद्या आणतात, त्याही मोठ्या पुरात. गोड्या पाण्याच्या सरोवरात ही अडचण नाही. म्हणूनच असे प्रवाह आधी जिनिव्हा सरोवरात लक्षात आले: ऱ्होन नदीचं थंड, गढूळ पाणी तळाशी बुडी मारून पुढे सरकतं आणि तळावर त्याची नाळ तयार झाली आहे, हे फोरेल यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं. समुद्रातले बरेच मोठे लोंढे सुटतात ते भूखंडमंचाच्या कडेला किंवा सागरी घळईच्या तोंडाशी साठलेला गाळ घसरल्यामुळे. धक्का भूकंपाचा असेल, वादळाचा असेल, किंवा नुसता साचत गेलेला भारही पुरतो.

वेगाचा अंदाज यायला ग्रँड बँक्सइतकं चांगलं उदाहरण नाही. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ७.२ क्षमतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या टेलिग्राफच्या तारा लगेच तुटल्या, ते समजण्यासारखं होतं. पण उताराच्या खालच्या अंगाच्या तारा त्यानंतर एकेक करून, वरून खाली अशा क्रमाने, तेरा तासांहून अधिक काळ तुटत राहिल्या. एकूण १२ तारा. तुटण्याच्या वेळा आणि तारांच्या जागा दोन्ही नोंदलेल्या होत्या, त्यामुळे १९५२ मध्ये हीझन आणि युइंग यांना अंतर भागिले वेळ एवढ्या गणितावर लोंढ्याचा वेग काढता आला. वरच्या उतारावरचा वेग आता सेकंदाला सुमारे १९ मीटर धरतात. त्यांचा स्वतःचा आकडा याहून मोठा होता. जानेवारी २०२० मध्ये काँगो नदीच्या मुखापुढच्या घळईतून ११०० किलोमीटरहून लांब गेलेल्या लोंढ्याची गंमत वेगळीच: तो पुढे जाताना मंदावण्याऐवजी सेकंदाला ५ मीटरवरून ८ मीटरपर्यंत वाढला. वाटेतला तळ खरवडून घेत गेला, जड होत गेला, म्हणून वेग वाढला, वेग वाढला म्हणून आणखी खरवडलं. हे चक्र तुटतं ते उतार सपाट झाल्यावर किंवा घळईच्या भिंती संपून लोंढा पसरल्यावर. थर जाड होतात ते त्या जागी.

म्हणजे लोंढा येतो तेव्हा आधी तळ खरवडतो आणि मगच गाळ टाकतो. टर्बिडाइटची खालची कड त्यामुळे सुरीने कापल्यासारखी असते: खाली चिकणमाती, लगेच वर वाळू, मधे काही नाही. वरची कड मात्र कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही. वाळूचा पोयटा (वाळू आणि माती यांच्या मधल्या आकाराचा बारीक गाळ) होतो, पोयट्याची माती. हे सूत्र आधी तपासायचं. दोन्ही कडा धारदार असतील तर थांबा. वरचा भाग नंतरच्या प्रवाहाने कापून नेला असेल, किंवा तो टर्बिडाइट नसून घट्ट चिखलासारखा सरकलेला राडा असेल. राड्यात मातीची ढेकळं थराच्या मधोमध किंवा माथ्याजवळ तरंगत राहिलेली दिसतात आणि कण लहान होत गेलेले दिसत नाहीत.

मग आतला भाग. क्यूनेन आणि मिग्लिओरिनी यांनी १९५० मध्ये कणांच्या या उतरंडीचा संबंध गढूळ लोंढ्याशी जोडला आणि आर्नोल्ड बाउमा यांनी १९६२ मध्ये आल्प्समधल्या खडकांवरून तिचे पाच भाग पाडले. खालून वर: ‘ए’ म्हणजे पदर नसलेली, खाली भरड आणि वर बारीक होत जाणारी वाळू, एकदम ओतल्यासारखी, ‘बी’ म्हणजे वेगवान प्रवाहाखाली बसलेले सपाट समांतर पदर, ‘सी’ म्हणजे वेग उतरल्यावर तळावर उमटलेल्या लहरी, त्यांचे तिरपे पदर, कधी पाणी निसटताना वळ्या पडलेले, ‘डी’ म्हणजे पोयट्याचे बारीक पदर, जे झिजलेल्या पृष्ठभागावर सहसा दिसतच नाहीत, ‘ई’ म्हणजे माती. पाचही भाग एकाच थरात मिळणं दुर्मीळ. उगमाजवळ ‘ए-बी’ वर थर कापला गेलेला असतो, लांबवर सुरुवातच ‘सी’ पासून होते. वहीत जे दिसतं तेवढंच लिहायचं. ‘सी-डी-ई’ दिसत असताना खाली ‘ए’ असणारच असं धरून चालणं हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. उलटा क्रमही दिसू शकतो: लोंढा आधी जोर धरत गेला आणि मग उतरला तर तळाशी काही सेंटिमीटर कण मोठे होत जातात.

कण लहान होत गेले हे डोळ्यांनी ठरवू नका. दहापट भिंग आणि कणांच्या आकाराचं कार्ड घेऊन थराच्या तळापासून माथ्यापर्यंत किमान पाच जागी आकार नोंदवा; प्रत्येक जागी सरासरी कण वेगळा आणि सर्वांत मोठा कण वेगळा. कधीकधी फक्त मोठे कण कमी होत जातात आणि बाकीचं मिश्रण तसंच राहतं. हे दाट लोंढ्याचं लक्षण, आणि एकच आकडा लिहिला तर ते निसटतं. वाळूची खालची मर्यादा ०.०६२५ मिलिमीटर, त्याखाली भिंगाचाही उपयोग कमी. तिथे दात कामाला येतात: कण चिमूटभर दातांखाली धरला आणि कचकच लागली तर पोयटा, लोण्यासारखा गेला तर माती. (ताजा, स्वच्छ तुकडाच घ्या, हे सांगायला नको.)

‘ई’ हा सगळ्यांत फसवा भाग, कारण त्यात दोन वेगळ्या माती असतात. खालची लोंढ्याची शेपटी, काही दिवसांत बसलेली. वरची वर्षानुवर्षं पाण्यातून झिरपत आलेली, हजार वर्षांना काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर या गतीने. अर्धा मीटर टर्बिडाइट एका दिवसाचा आणि त्यावरची दोन सेंटिमीटर माती काही हजार वर्षांची, असा हिशेब सहज निघतो. वय काढायचं असेल तर नमुना या दुसऱ्या मातीतून, शक्यतो टर्बिडाइटच्या लगेच खालून घ्यायचा. लोंढ्याच्या मातीतले शंखकण वरून वाहून आलेले, आधीच जुने असतात. त्यांचं कार्बन-१४ वय खऱ्या घटनेपेक्षा मागे जातं. दोन माती वेगळ्या करायची एक सोपी खूण आहे. चुना विरघळण्याइतक्या खोल पाण्यात पार्श्वभूमीची माती चुना नसलेली असते, तर उथळ भागातून झपाट्याने आलेली आणि लगेच पुरली गेलेली लोंढ्याची माती चुना टिकवून ठेवते. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब एकीवर फसफसतो, दुसरीवर नाही. कमी खोलीवर ही खूण चालत नाही. तिथे प्राण्यांनी पोखरलेली बिळं आणि रंग यांवर भागवावं लागतं.

थर मोजून भूकंप मोजता येतात, तेही याच शिस्तीवर. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापुढच्या कॅस्केडिया भागात वेगवेगळ्या सागरी नाळांतल्या कोअरमध्ये (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांत) मझामा ज्वालामुखीच्या सुमारे ७७०० वर्षांपूर्वीच्या राखेवर १३ टर्बिडाइट आहेत. दोन नाळा एकत्र येतात त्या संगमाच्या खालीही १३च, २६ नाहीत. म्हणजे वरच्या नाळांतले लोंढे दर वेळी एकाच सुमारास सुटले आणि संगमावर एक झाले. शेकडो किलोमीटर पसरलेल्या घळयांना एकाच वेळी हलवणारं कारण भूकंपच, असा जॉन ॲडम्स यांचा १९९० मधला युक्तिवाद. त्यातला शेवटचा भूकंप २६ जानेवारी १७०० चा.

दिशा वाचायची तर थराच्या पोटाकडे बघावं लागतं, अक्षरशः खालून. लोंढ्याच्या भोवऱ्यांनी मातीत कोरलेले खळगे वाळूने भरतात आणि खडक उघडा पडल्यावर वरच्या थराच्या तळाला लोंबत्या जिभांसारखे दिसतात. हे फ्लूट कास्ट. फुगीर, खोल टोक प्रवाह आला त्या बाजूला. पसरट, विरत जाणारं टोक गेला त्या बाजूला. वाहत्या काडीने किंवा ढेकळाने ओढलेली सरळ चर मात्र फक्त रेषा देते, बाण नाही. उत्तर-दक्षिण एवढंच कळतं. एका ठिकाणी वीस-पंचवीस मापं घ्या. थर कललेला असेल तर मापं स्टिरिओनेटवर (दिशा आणि कल मांडायच्या गोल आलेखावर) थर आडवा करून सुधारून घ्या. आणि सरासरी काढताना साधी बेरीज-भागाकार करू नका: ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे नेमकी उलटी दिशा. सदिश बेरीजच हवी. अंदमानच्या किनाऱ्यावर उघड्या पडलेल्या फ्लिश खडकांत, म्हणजे वाळूखडक-शेलच्या अशाच आवर्तनांत, ही सगळी सामग्री बघायला मिळते. वर-खाली ठरवायलाही याच खुणा लागतात. वळ्या पडलेल्या डोंगरात थर उलटा झालेला असेल आणि ते लक्षात आलं नाही, तर पुढचा सगळा इतिहास उलटा लिहिला जातो.

कोअरमध्ये तळाची कड दिसते पण पोट दिसत नाही, आणि कोअर खोटंही बोलतो. पिस्टन कोअरची नळी मऊ गाळात नीट घुसली नाही की पिस्टनच्या ओढीने खालची वाळू नळीत शोषली जाते. मग मीटरभर पदरहीन वाळू दिसते आणि ‘ए’ भाग सापडल्याचा आनंद होतो. उभे पट्टे, नळीला समांतर ओढलेले पदर दिसले तर तो भाग फेकून द्या. दुसरी अडचण सैल वाळूची. बंगालच्या उपसागरातला पंखा, म्हणजे लोंढ्यांनी पसरलेला गाळाचा ढीग, जगातला सगळ्यांत मोठा, लांबी सुमारे ३००० किलोमीटर, गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेचा. २०१५ मध्ये आयओडीपीच्या (समुद्रतळ छेदणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या) ३५४ व्या मोहिमेने तो ८ अंश उत्तर अक्षांशावर सात ठिकाणी छेदला. अशा ठिकाणी वाळू नळीतून निसटते आणि माती टिकते. हाती आलेल्या कोअरवरून वाळूचं प्रमाण काढलं तर ते खऱ्यापेक्षा कमी येतं. भोकात उतरवलेल्या उपकरणांच्या नोंदी किंवा कृत्रिम भूकंपलहरींनी काढलेले तळाखालचे छेद शेजारी ठेवल्याशिवाय टक्केवारी लिहू नये.

आता कॉन्टूराइट. हीझन, हॉलिस्टर आणि रुडिमन यांनी १९६६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढे हे तळप्रवाह गाळाला आकार देतात हे दाखवलं, आणि त्यानंतर बराच काळ लोक प्रत्येक बारीक पदरवाल्या वाळूला कॉन्टूराइट म्हणत सुटले. कोअरमधली ओळख अशी: कण खालून वर आधी हळूहळू मोठे होतात, मग हळूहळू लहान. प्रवाह शतकानुशतकं वाढला आणि उतरला, त्याची ही नोंद. दोन्ही कडा अस्पष्ट. आणि सगळीकडे बिळं, कारण गाळ इतका सावकाश येतो की किड्यांना पोखरायला भरपूर वेळ मिळतो. पदर शाबूत, बिळं फक्त माथ्यावर, खालची कड धारदार असेल तर तो लोंढाच. पण टर्बिडाइटचा माथा नंतर तळप्रवाहाने विंचरला जाणं अगदी शक्य आहे, आणि तेव्हा एकच नाव देण्याचा हट्ट सोडावा. प्रामाणिकपणे सांगायचं तर एकट्या कोअरवरून कॉन्टूराइट ठरवणं धाडसाचं आहे. भूकंपलहरींच्या छेदात उताराला समांतर, दहा-शंभर किलोमीटर लांब ढीग आणि त्याच्या कडेने प्रवाहाने मोकळा ठेवलेला खंदक दिसला की मग खात्री. जिब्राल्टरमधून बाहेर पडणारं भूमध्य समुद्राचं खारं, जड पाणी कादिझच्या आखातात असे ढीग रचतं. २०११-१२ मध्ये तिथे मुद्दाम त्यासाठी छिद्रं घेतली गेली. मालदीवच्या बेटांमधले चुनखडी गाळाचे ढीग सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि त्याचा संबंध मोसमी वाऱ्यांनी हलवलेल्या प्रवाहांशी जोडला जातो.

जुन्या तळप्रवाहाचा वेग काढायचा तर १० ते ६३ मायक्रोमीटरचा पोयटा मोजतात. दहाच्या खालचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, म्हणून त्यांचा आकार प्रवाहाबद्दल काही सांगत नाही. आधी सौम्य ॲसिटिक आम्लाने चुना काढायचा, मग २ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये ८५ अंशांवर डायटम या सूक्ष्म शैवालांचा सिलिका, मग ०.२ टक्के सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटमध्ये हलवून गुठळ्या फोडायच्या. चुना काढायचा राहिला तर तिथे राहणारे सूक्ष्म जीवच तुम्ही मोजता, प्रवाह नाही. लेझर यंत्र चपट्या कणांना मोठं दाखवतं, तेव्हा बसण्याच्या वेगावर चालणारं यंत्र बरं. ध्रुवाकडच्या समुद्रात हिमनगांनी टाकलेला गाळ हा आकडा बिघडवतो. भरड वाळूचं प्रमाण शेजारी मोजून ठेवा.

हे सगळं काचेच्या टाकीत बघता येतं, निदान लोंढ्याची बाजू. टाकी दीड मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच. आत ८ सेंटिमीटर उंचीवर खोटा तळ बसवा, पण शेवटचे २० सेंटिमीटर मोकळे सोडा. हा खड्डा नसेल तर लोंढा समोरच्या काचेवर आपटून परततो आणि नुकता बसलेला थर विसकटतो. बहुतेक घरगुती प्रयोग इथेच फसतात. सुरुवातीच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर वर ओढता येणारं झडप, कडांना फोमची पट्टी. तळावर ३० सेंटिमीटर पाणी. झडपेमागच्या पावणेसात लिटरमध्ये लिटरला ८० ग्रॅम, म्हणजे एकूण ५४० ग्रॅम गाळ: २०० ग्रॅम बारीक वाळू, २४० ग्रॅम पोयटा म्हणजे सिलिकाची बारीक भुकटी, १०० ग्रॅम केओलिन (पांढरी चिनी माती). मिश्रणाची घनता १.०५ होते आणि लोंढा सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटरने सुटतो. सिलिकाची भुकटी कोरडी हाताळताना मास्क लावा. तिची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करते.

मिश्रणासाठी पाणी टाकीतूनच घ्या. नळाचं दहा अंश गरम पाणी घेतलं तर घनता लिटरला अडीच ग्रॅमने घटते. दाट मिश्रणात चालून जातं, लिटरला १० ग्रॅमच्या पातळ मिश्रणात मात्र लोंढ्याचा जवळजवळ निम्मा जोर खातं. ढवळणं थांबवल्यावर दोन-तीन सेकंदांत झडप ओढा, एका झटक्यात. ०.२ मिलिमीटरची वाळू सेकंदाला दोन सेंटिमीटरहून जास्त वेगाने बसते, त्यामुळे दहा-बारा सेकंद रेंगाळलात तर ती सगळी झडपेमागेच राहील आणि पुढे फक्त गढूळ पाणी जाईल. फोनवर संथ चित्रण लावा, कारण खेळ सहा-सात सेकंदांचा आहे. लोंढ्याचं डोकं तळापासून किंचित उचललेलं असतं. खालून गिळलेलं स्वच्छ पाणी वर येताना डोक्याच्या पुढच्या कडेला बोटांसारखे भाग पाडतं, ते वरून बघा. मागे पाठीवर भोवरे.

थराची जाडी बघून हिरमोड होईल: सरासरी जेमतेम दोन मिलिमीटर. अर्धा किलो गाळ एवढ्या तळावर पसरला की तेवढंच होतं. वेगवेगळ्या रंगाच्या वाळूच्या पाच-सहा खेपा करा. लहरींचे तिरपे पदर यात येणार नाहीत. त्यांना काही मिनिटं टिकणारा प्रवाह लागतो आणि एका झडपेचा लोंढा तेवढा टिकत नाही. दोन खेपांमध्ये किती थांबायचं हे कणावर ठरतं: ३० सेंटिमीटर उतरायला ३० मायक्रोमीटरच्या कणाला सहा मिनिटं लागतात, १० मायक्रोमीटरच्या कणाला तासाला पाच मिनिटं कमी, २ मायक्रोमीटरच्या मातीला २३ तास. पाण्यात थोडं मीठ असेल तर मातीच्या गुठळ्या होऊन ती लवकर बसते, पण मग वरची कड दिसायला हवी तशी विरत न जाता एकदम तुटते. मीठ टाळा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टाकीला हात लावू नका. पाणी बारीक नळीने, खड्ड्याच्या बाजूने, थेंबाथेंबाने काढा. थर ओलसर घट्ट झाला की पातळ पत्र्याने उभा काप घ्या. ओढून नाही, सरळ खाली दाबून, नाहीतर पत्रा वाळू मातीवर माखतो आणि जी धारदार कड बघायची तीच पुसली जाते.